चारी तिलाच घाल की!

पुठ्ठ्याच्या आडोशाखाली आईच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. बराच वेळ झाला तरी त्या हलेनात. मागं रांगेत चुळबुळ सुरू झाली. मशीन काही ओरडेना.

"आजी, झालं का?" टेबलामागच्या मॅडमनी विचारलं.

"झालं की मघाच."

"बीप नाही वाजली अजून. चार मतं द्यायची आहेत, तुम्ही एकच दिलंय."

"मला एकीलाच द्यायचं हाय."

"तसं चालत नाही आजी. पांढरा कागद झाला, आता गुलाबी, मग पिवळा, मग निळा. चारी ठिकाणी एकेक बटण दाबायचं."

आत थोडी शांतता. मग आतूनच आवाज आला, "मग चारी तिलाच घाल की!"

खोली हसली. मॅडम पण हसल्या, पण ड्युटी ती ड्युटी. त्यांनी समजावलं, "बाकीच्या तीन ठिकाणी कुणी पसंत नसेल तर नोटा दाबा."

"नोटा? आमच्याकडं कुणी आणून दिल्याच न्हाईत."

या वेळी मतदान प्रतिनिधी मात्र जरा कमी हसले.

शेवटी आईनं हाताला येतील ती तीन बटणं दाबली, लांबलचक बीप वाजली आणि चौऱ्यांशी वर्षांची आमची माउली विजयी मुद्रेनं बाहेर आली. घरी येताना विचारलं, "बाकीची तीन कुणाला दिलीस?" "मला काय म्हाईत? कोण हायती ती?" गुप्त मतदान ही गोष्ट आमच्या आईपुरती कधीच गुप्त नव्हती, पण त्या तीन मतांचं गुपित तिलाही ठाऊक नाही.

ही गोष्ट १५ जानेवारी २०२६ची. कोल्हापूर महापालिकेची निवडणूक. तेव्हापासून आईचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. मी शाळामास्तर. तीस वर्षं इलेक्शन ड्युटी केली, साहित्य वाटपाच्या रांगेत उन्हात उभा राहिलो, अभिरूप मतदानाची, म्हणजे मशीन तपासायच्या लुटुपुटूच्या मतांची, बटणं दाबली, रात्री बारा वाजता मशीन जमा करून वडापाव खाल्ला. एवढ्या वर्षांत निवडणुकीबद्दल जे माझ्या ध्यानात आलं नव्हतं ते आईनं पुठ्ठ्याआडून एका ओळीत सांगितलं.

कोल्हापुरात मतदान वाढवा म्हणून कुणाला शिकवावं लागत नाही. लोकसभेला २०२४मध्ये कोल्हापूर मतदारसंघात ७१ टक्क्यांच्या वर मतदान झालं, राज्यात अगदी वरच्या रांगेत. त्याच वर्षी विधानसभेला जिल्हा ७६ टक्क्यांच्या पुढं गेला आणि करवीर मतदारसंघ तर ८५ला टेकला. "जगात भारी" म्हणायला आम्हाला एवढं पुरे. पुण्यात नोकरी करणारी पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येतात, मत देतात, मिसळ खातात आणि दुपारच्या गाडीनं परत जातात. मतदान जागृतीची पथनाट्यं आमच्याकडं होतात तेव्हा बघणारे सगळे शाई लावून आलेले असतात.

पण त्याच करवीरचं बघा. राज्यात सगळ्यात जास्त मतदान झालं आणि निकालात फरक दोन हजारांच्याही आत. म्हणजे सव्वा लाखाहून जास्त माणसं रांगेत उभी राहिली, शाई लावून घरी गेली आणि त्यांच्या मताचं विधानसभेत काहीच उरलं नाही. हातकणंगल्याला लोकसभेत २०२४ला तिघांत झुंज झाली. निवडून आलेल्याला ५ लाख २० हजार मतं, दुसऱ्याला ५ लाख ६ हजारांवर, तिसऱ्याला जवळपास १ लाख ८० हजार. जिंकणाऱ्याच्या पारड्यात दहातली चार मतं. बाकी सहा दुसरीकडं होती. यात कुणी लबाडी केली असं नाही, नियमच तसा आहे. जो सगळ्यांत पुढं तो खासदार, मग मागची माणसं कितीही असोत. देशपातळीवर तर २०१४ला भाजपला ३१ टक्के मतांत २८२ जागा मिळाल्या आणि बसपाला देशभरातली चार टक्के मतं मिळूनही एकसुद्धा नाही.

मतदानाचा टक्का वाढला की लोकशाही निरोगी झाली असं आपण धरून चालतो. मला ते ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला म्हणण्यासारखं वाटतं.

आता आईच्या चार बटणांकडं येतो. २०१५ला आमच्या शहरात ८१ प्रभाग होते, एका प्रभागाला एक नगरसेवक. २०११च्या जनगणनेनं शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे एका नगरसेवकामागं पावणेसात हजार माणसं. दोन-तीन गल्ल्या, एक तालीम, एक गणपती मंडळ, संपला प्रभाग. नगरसेवक कट्ट्यावर बसलेला असायचा. चांगला असो, वाईट असो, सापडायचा. यंदा ८१ जागा तेवढ्याच, पण प्रभाग २०. एकोणीस प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. प्रभाग झाला सत्तावीस हजारांचा.

आणि मधली पाच वर्षं? मागच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये संपली. संविधानात महापालिकेला पाच वर्षांची मुदत दिलीय आणि ती संपायच्या आत निवडणूक घ्या असंही लिहिलंय. पण आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभाग किती सदस्यांचा यावर खल. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५मध्ये निवडणुका घ्या म्हणून बजावलं तेव्हा गाडं हललं. जुलै २०२१ला महापूर आला तेव्हा पाणी आमच्या दारात होतं आणि शहरात एकही नगरसेवक नव्हता. लोकांनी सवयीनं माजींना फोन लावले आणि त्यातले बरेच धावलेही. त्यांचं कौतुक आहेच. पण पद नसलेल्या माणसाच्या भरवशावर शहर पाच वर्षं चालणं हे काही बरं लक्षण नव्हे.

प्रभागाचं म्हणाल तर राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत हा खेळ जुनाच आहे. २००२ला तीन सदस्यांचा, २००७ला एकाचा, २०१२ला दोघांचा, २०१७ला चौघांचा. सरकार बदललं की आकडा बदलतो. थेट सरपंचाचंही तेच. २०१७ला आणला, २०२०ला घालवला, २०२२ला परत आणला. खेळाडूंनीच दर मॅचला गोलपोस्ट हलवायचे म्हटल्यावर आमच्या शाहू स्टेडियमवर काय झालं असतं ते सांगायला नको.

मोठा प्रभाग म्हणजे अन्यायच, असं मला म्हणायचं नाही. गंमत इथंच आहे. जगात जिथं मतांच्या प्रमाणात जागा मिळतात तिथं एका मतदारसंघातून अनेक माणसंच निवडली जातात. चार जागा आणि पाचवा हिस्सा मतं पाठीशी असलेला गट, तर त्यातली एक त्याला मिळावी, हा साधा हिशेब. आपण मोठा प्रभाग उचलला आणि हिशेब तिथंच ठेवला. चार जागांच्या चार वेगळ्या निवडणुका, प्रत्येकीत पुढचा जिंकणार. मग चाळीस टक्के मतांचं एक पॅनेल चारी जागा घेऊन जातं आणि साठ टक्के लोक बघत बसतात.

पॅनेल हा शब्द कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. आमची निम्मी लोकशाही सहकारात वाढली. एका साखर कारखान्याच्या मतमोजणीला माझी ड्युटी होती. एकेका मतदाराच्या हातात गटागटाच्या रंगीत पत्रिका, उत्पादक गट, महिला, मागास, भटके, आणि चिन्हं कपबशी, विमान, छत्री. मोजायच्या आधी गठ्ठे पडतात. ज्यानं सगळे शिक्के कपबशीवर मारले ती 'पॅनेल टू पॅनेल' पत्रिका एका बाजूला, आणि ज्यानं डोकं चालवून इकडचे चार, तिकडचे सहा निवडले ती 'क्रॉस' दुसऱ्या बाजूला. पहिला गठ्ठा झपाझप मोजून होतो. क्रॉसवाल्याला पहाटेपर्यंत थांबावं लागतं, आणि टेबलावर कुणीतरी म्हणतंच, "ह्या क्रॉसवाल्यांनी वाट लावली." विचार करून मत देणारा माणूस मोजणाऱ्याला त्रासदायक वाटतो, हे मी तिथं शिकलो. आता महापालिकेत तीच पद्धत आली. जाहीर सभांत ऐकलं नाही का, "चारी बटणं आपलीच"?

आईचं बटण मात्र वेगळं होतं. तिला चारी मतं एकीला द्यायची होती. मला वाटलं ही म्हातारीची विनोदी समजूत. नंतर घरी बसून जुनी पुस्तकं चाळली तेव्हा कळलं की ही पद्धत आपल्या मुंबई इलाख्यात एकदा प्रत्यक्ष वापरली गेली होती.

१९३७ची गोष्ट. १९३५च्या कायद्याखाली प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हा मुंबई इलाख्यात अनेक सदस्यांचे मतदारसंघ होते आणि मतदाराला जितक्या जागा तितकी मतं. ती सगळी तो एकाच उमेदवाराला देऊ शकत होता. एकत्रित मतदान म्हणायचं त्याला. थोड्यांचा समूह असला तरी त्यानं आपली सगळी मतं एका माणसाच्या झोळीत टाकली की तो माणूस निवडून येतो, हे त्यातलं मर्म. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ला स्थापन झालेला, जेमतेम वर्षाचंही नव्हतं ते पोर. उभे केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले, खुद्द बाबासाहेब मुंबईतून. आमचं कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, त्यामुळं ती निवडणूक इथं नव्हती. पण मताचं वजन आणि प्रतिनिधित्व यावर १९१९ला मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढं साक्ष देणाऱ्या या तरुणाला पुढच्याच वर्षी, मार्च १९२०मध्ये, शाहू महाराजांनी माणगावच्या परिषदेत "हा तुमचा पुढारी" म्हणून लोकांसमोर उभं केलं होतं. आमच्या घरापासून माणगाव तासाभराच्या अंतरावर.

स्वातंत्र्यानंतर नियम बदलला. १९५२ला उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाला द्यायची नाहीत. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. पंधरा वर्षांपूर्वी जे हक्कानं केलं, तेच आता बाद धरलं जात होतं. त्या निवडणुकीत सत्तर हजारांहून जास्त मतं बाद झाली आणि संविधान लिहिणारा माणूस सुमारे साडेचौदा हजारांनी पडला.

आमचा कोल्हापूर लोकसभा मतदारसंघही १९५७ला दोन सदस्यांचा होता. शेकापचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे शं. खं. दिगे, दोघंही एकाच मतदारसंघाचे खासदार. आजोबा सांगायचे, हातात दोन कागद आणि समोर पेट्यांची रांग, माणूस गोंधळूनच जायचा. ते दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ला मोडले. मोडण्याआधीचा एक किस्सा सांगतो, मास्तर आहे, राहवत नाही. १९५७ला आंध्रात पार्वतीपुरमला एक जागा राखीव, एक खुली. व्ही. व्ही. गिरी खुल्या जागेसाठी उभे. पण मतं मोजली तर आदिवासी उमेदवार दोन्ही पुढं. राखीव जागा एकाला गेली आणि उरलेली खुली जागा दुसऱ्या आदिवासी उमेदवाराला, कारण मतं त्याला जास्त होती. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ला तिथंही हरले. आणि हेच गिरी १९६९ला राष्ट्रपती कसे झाले? पहिल्या पसंतीच्या मतांत निम्म्याचा टप्पा गाठता आला नाही, दुसऱ्या पसंतीची मतं मोजली तेव्हा पार झाले. माणूस तोच. एका पद्धतीनं खासदारकी घालवली, दुसरीनं राष्ट्रपती भवन दाखवलं.

पसंतीक्रम म्हटलं की लोकांना वाटतं हे काहीतरी युरोपातलं. अहो, राज्यसभेला, विधान परिषदेला तेच चालतं, आणि आम्हा पदवीधरांना तर तो घरबसल्या मिळालेला हक्क आहे. पुणे पदवीधर मतदारसंघात कोल्हापूर येतं. डिसेंबर २०२०ला मी मत दिलं. केंद्रावर जांभळा स्केचपेन देतात, तोच वापरायचा, नावापुढं १, २, ३ असे आकडे लिहायचे. पहिल्याला पुरेशी मतं नसतील तर खालचे उमेदवार एकेक करून बाद होतात आणि त्यांच्या पत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीला मत जातं. मत वाया जात नाही, पुढच्या घरी मुक्कामाला जातं.

तर मी १ लिहिला, २ लिहिला. समाधानानं पत्रिकेकडं पाहिलं. आणि तीस वर्षं वह्या तपासलेल्या हातानं एकच्या शेजारी एक सुरेख बरोबरची खूण केली.

घडी घालून पेटीत टाकली तेव्हा लक्षात आलं. बाद! त्या निवडणुकीत पदवीधरांची हजारो मतं बाद झाली, त्यातलं एक माझं. कुणी सही केली, कुणी फुली मारली. ४ जानेवारी १९४९ला संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला विरोध करताना बाबासाहेबांनी एक कारण असं दिलं होतं की त्यासाठी मतदाराला निदान आकडे ओळखून पत्रिकेवर लिहिता यायला हवेत, आणि देशात तेवढी साक्षरता नाही. सत्तर वर्षांनी आकडे लिहिता येणारा एम. ए. बी. एड. माणूस त्याच परीक्षेत नापास झाला. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मग मला कशाला शिकवतोस?"

बाबासाहेबांचं दुसरं कारण जास्त वजनदार होतं, सभागृहाचे तुकडे पडतील आणि सरकार टिकणार नाही. नुकत्याच फाळणी झालेल्या देशात ते पटण्यासारखंच होतं. आजही लोकसभेसाठी मी एकदम सगळं बदला म्हणणार नाही. विधी आयोगानं १९९९च्या १७०व्या अहवालात मधला मार्ग सुचवला होता, आहेत त्या जागा तशाच ठेवून वर पंचवीस टक्के जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात द्याव्यात. तो अहवाल कपाटात आहे. पण महापालिकेत सरकार पडायचा कसला धोका? तिथं आयुक्त आहेत, स्थायी समिती आहे, गटारी आहेत. प्रयोग करायचा तर इथं करावा. प्रभाग चौघांचा ठेवायचाच असेल तर निदान आईला हवं ते करू द्या, चारी मतं एकीला टाकू द्या. अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या निवडणुका न करता एकच यादी ठेवा. मग महिला आणि मागासवर्गीयांच्या जागांचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि तो सोपा नाही. पण पार्वतीपुरमला तो सोडवलेलाच होता. राखीव जागा आधी भरा, उरलेल्या मतांच्या क्रमानं. एवढंच झालं की तिथं त्याचा निकाल काहींना रुचला नाही.

नोटाचंही अर्धवटच राहिलं. २०१३ला न्यायालयाच्या आदेशानं बटण आलं. २०१९ला लातूर ग्रामीणमध्ये सत्तावीस हजारांवर लोकांनी ते दाबलं, नोटा दुसऱ्या नंबरावर आली आणि पहिल्यावाला निवांत निवडून आला. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ला स्थानिक निवडणुकांपुरतं एक पाऊल पुढं टाकलं, नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. पण फेरनिवडणुकीतही नोटाच पुढं राहिली तर तिच्या खालचा निवडून येतो. आणि बिनविरोध निवडून आला तर नोटाचं बटण दाबायलाही मिळत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. आम्ही ८५ टक्क्यांच्या गप्पा मारत होतो त्या नोव्हेंबर २०२४मध्ये उसाचा हंगाम १५ तारखेला सुरू झाला आणि मतदान होतं २० तारखेला. बीडकडच्या टोळ्या करवीर-कागलच्या फडांत येऊन पालं टाकू लागल्या होत्या. ज्यांच्या कोयत्यावर आमची साखर उभी, त्यांचं मत साडेतीनशे किलोमीटर मागं गावाकडच्या शाळेत. दुसऱ्या गावातून मत देता येईल असं यंत्र निवडणूक आयोगानं जानेवारी २०२३मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. पक्षांनी शंका काढल्या, विषय थांबला. शंका खोट्या नव्हत्या. पण फडात काम करणाऱ्या एका बाईला मी विचारलं, "गावी जाणार का मत द्यायला?" ती उसाची मोळी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "उचल घेतल्याली हाय, मास्तर."

यावर टक्का काढणारे काय लिहितात? अनुपस्थित.

फेब्रुवारीत आमच्या गल्लीतली गटार तुंबली. आता चार नगरसेवक आहेत, तेव्हा मी चौघांचे नंबर कागदावर लिहून कॅलेंडरला टाचले. पहिले म्हणाले, तो भाग आम्ही आपसात वाटून घेतलाय, तुमचा तिसऱ्यांकडं. तिसऱ्यांच्या इथं भावानं फोन उचलला, साहेब बाहेरगावी. चौथ्या ताईंचा फोन लागला, पण बोलले त्यांचे मिस्टर. दुसऱ्यांचा लागलाच नाही. माझे प्रयत्न आई पायरीवर बसून बघत होती.

"आण हिकडं," म्हणाली आणि पाठ असलेला नंबर तिनं स्वतःच लावला.

"अगं आई, ती पडली. निवडूनच आली नाही."

"पडली तर काय मेली का? माझं मत हाय तिच्याकडं."

संध्याकाळी ती बाई आली. २०१९च्या पुरात आम्ही माळ्यावर बसलो होतो तेव्हा गुळाच्या मोठ्या काहिलीची होडी करून भाकरी घेऊन आलेली, तीच. साडीचा ओचा वर खोचून तिनं गटारीत वाकून बघितलं, कुणालातरी फोन केला, उद्या सकाळी माणूस येईल म्हणाली. मग जरा ओशाळून, "काकू, मी पडले हो. माझ्या शब्दाला आता काय..."

"बस," आई म्हणाली. "च्या टाकते."